एका टाकीत सात फायटर

फायटर जातीचे दोन नर मासे एका टाकीत राहत नाहीत, असं तुम्हाला कुणीही सांगेल. रंगीत मासे विकणारा कुठलाही दुकानदार सांगेल, पुस्तकात छापलेलं सापडेल, आणि तुम्ही माझ्याकडून मासा नेला असतात तर मीही तेच सांगितलं असतं. एकटा ठेवा, दोन ठेवलेत तर सकाळी एकच उरेल आणि तोही धड नसेल. हे सगळं खरं आहे. आणि तरीसुद्धा कोल्हापुरात, शिवाजी पेठेतल्या आमच्या फोटोफ्रेमच्या दुकानात, मी एका टाकीत सात नर ठेवले होते. तेही चार-दोन दिवस नव्हे, आषाढापासून भाद्रपद संपत येईपर्यंत. ज्यांना पटत नसेल त्यांनी खुशाल पान उलटावं. पुढे फराळाच्या पाककृती असतीलच.

संपादकांनी मला धंद्यातल्या गमतीजमती लिहायला सांगितल्या आहेत. गमती पुष्कळ आहेत. एक बाई टाकी घेऊन गेल्या आणि आठ दिवसांनी विचारायला आल्या की, पाणी रोज उकळून घालायचं की तसंच चालेल. एका गृहस्थांनी सगळ्या टाक्या निरखून पाहिल्या आणि यातला कुठला मासा किती दिवसांत तळण्याजोगा होतो ते विचारलं. अशा गोष्टी मी रात्रभर सांगू शकेन, पण त्या सांगायला मी लेखणी उचललेली नाही. त्या सात माशांची हकिगत पेठेत अजून सांगतात आणि चुकीची सांगतात, म्हणून मी लिहायला बसलो आहे.

आमचं दुकान वडिलांचं. फोटोला चौकट करणं, खिडकीला काच बसवणं, आरसे कापून देणं हा धंदा. वडिलांचं आणि माझं पटलं नाही, आणि सत्तेचाळीस सालच्या आसपास मी त्यांच्याशी भांडून मुंबईला निघून गेलो. तिथे रंगीत मासे विकणाऱ्या एका माणसाकडे टाक्यांना काचा बसवायच्या कामावर राहिलो आणि काचा बसवता बसवता मासे शिकलो. दोन वर्षांत घरी एक पत्र टाकलं नाही. वडील गेल्याचं कळलं तेही महिन्याने. तेव्हा एक ट्रंक आणि तीन बरण्यांत तीन फायटर घेऊन मी परत आलो. माझा थोरला भाऊ, दादा, दुकानात काच कापत बसला होता. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, हातातली हिरकणी खाली ठेवली आणि म्हणाला, "जेवलास काय?" मी नाही म्हटलं. तो आपलं स्टूल थोडं सरकवून बसला आणि त्या दिवसापासून अर्धं टेबल माझं झालं. दोन वर्षं कुठे होतास, हे त्याने मला त्या दिवशीही विचारलं नाही आणि पुढेही कधी विचारलं नाही.

मग चौकटींच्या दुकानात मासेही आले. त्या वेळी कोल्हापुरात तयार टाकी मिळत नव्हती. लोखंडी अँगलची चौकट लोहाराकडून करून घ्यायची, काच आपण कापायची, आणि खडूची पूड जवसाच्या तेलात मळून केलेल्या लांबीने सांधे भरायचे. काच कापावी तर दादानेच. हिरकणीची एक रेघ ओढायचा, खालून बोटाने टिचकी मारायचा आणि काच जिथे सांगितली तिथेच तुटायची. मी केलेल्या टाक्या गळत नसत, त्याचं निम्मं श्रेय त्याच्या हाताला आहे.

फायटर हा या धंद्यातला सगळ्यात सोयीचा मासा. त्याला हवेचा पंप लागत नाही. तो वर येतो, घोटभर हवा घेतो आणि खाली जातो. म्हणून तो लोणच्याच्या बरणीतही राहतो. मादी साधी, आखूड परांची. नर मात्र लाल, निळा, हिरवा, आणि त्याचे पर रेशमी पदरासारखे लोंबते. दुसरा नर दिसला की तो कल्ले फुगवतो, सगळे पर ताणतो आणि मग चावा घेतो. म्हणून नर तितक्या बरण्या. दोन बरण्यांच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा, नाहीतर काचेतून एकमेकांना बघून दिवसभर फुगत बसतात आणि दमून मरतात.

बरणीत कोंडून मासे छळता, असं मला तोंडावर सांगणारे लोक भेटले आहेत. त्यांतले बरेचसे पिंजऱ्यात पोपट पाळत होते. माझा मासा पोटभर खात होता, वेळेवर स्वच्छ पाण्यात होता आणि माझ्या हाताला तोंड लावायला वर येत होता. मला कुणाला सफाई द्यायची नाही.

त्यांचं खाणं म्हणजे डासांच्या अळ्या. त्यासाठी मी परसात पाण्याचं पिंप उघडं ठेवत असे. शेजाऱ्यांनी तक्रार केली आणि नगरपालिकेचे एक साहेब टोपी काखेत धरून आले.

"तुम्ही डास पाळता?" त्यांनी विचारलं.

"डास पाळत नाही, साहेब. डास होऊ देत नाही," मी म्हटलं आणि चिमूटभर अळ्या एका बरणीत टाकल्या. लाल नराने एकेक टिपून खाल्ली. साहेबांनी दुसरी चिमूट स्वतःच्या हाताने टाकली, मग तिसरी. पाऊण तास बसले. जाताना पिंपावर फडकं बांधा म्हणाले. मी बांधलं नाही, कारण फडकं बांधल्यावर डास अंडी घालणार कुठून?

दोन-तीन वर्षांत बरण्यांनी दुकानाची लांब फळी भरून गेली. चाळीसच्या वर बरण्या झाल्या. ती फळी मुळात देवांच्या तसबिरींची. दसरा-दिवाळीला लक्ष्मीच्या तसबिरी घ्यायला आसपासच्या गावांतून माणसं यायची आणि तसबिरी ठेवलेल्या असायच्या खाली, भिंतीला टेकून, पायाशी. दादाला ते बरं वाटत नव्हतं. पाडव्याच्या दिवशी त्याने गुढी उभारली, हात धुतले आणि मला म्हणाला, "बापू, दसऱ्यापतूर फळी मोकळी कर. देव पायात ठिवायचं आनि मासं डोक्यावर, हे काय मला पटत न्हाय. जमत नसंल तर मासं बंद कर. चौकटीवर आपलं दोघांचं भागतंय की."

त्याचं बोलणं वाजवी होतं. पण मासे बंद म्हणजे माझं काय उरलं असतं? चौकटी दादाच्या होत्या. मला त्या दुकानात माझं म्हणावं असं मासेच होते. मला दुसरी जागा परवडत नव्हती आणि चाळीस नर कमी जागेत ठेवायचा उपाय जगात कुणाला माहीत नव्हता. मुंबईच्या मालकांना कार्ड टाकलं. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं, की असला नाद करू नये.

उपाय सुचवला तो शेजारच्या गल्लीतल्या तालमीच्या वस्तादांनी. साठीचे, एका कानाने कमी ऐकू येणारे गृहस्थ. दुपारी आमच्या पायरीवर बसून मासे बघत. एकदा म्हणाले, "ह्यो गडी दुसऱ्या गड्याला बघून एवढा का चिडतोय?"

"जातच तशी आहे त्यांची," मी म्हटलं.

"जात बित काय नसतंय. माझ्या तालमीत तीस जन हाईत. बाहेरनं आनून एका खोलीत कोंबलं असतं तर एकमेकाचा जीव घेतला असता. पर ही ल्हानपनापास्नं एका हौद्यातल्या मातीत लोळल्यात. तुझ्या माशास्नी कुनी ल्हानाचं मोठं एकत्र करून बघितलंय काय?"

खरंच कुणी बघितलं नव्हतं. किमान मी बघितलं नव्हतं. आम्ही काय करायचो, तर पिलं नखाएवढी झाली आणि नर ओळखू यायला लागला की लगेच एकेकाला बरणीत टाकायचो. भांडतील म्हणून वेगळे करायचो आणि वेगळे केले म्हणून ते भांडायचे. मुंबईच्या मालकांनी, त्यांच्या मालकांनी, सगळ्यांनी हेच केलेलं.

मी चैत्रातच एक जोडी लावली. नर पाण्यावर फेसाचं घरटं बांधतो, मादीला विळखा घालून अंडी सांडवतो, पडलेलं एकेक अंडं तोंडाने उचलून फेसात नेऊन ठेवतो आणि मग मादीला हाकलून एकटा राखण करतो. आई नव्हे, बाप. हे पाहायला वहिनी मुद्दाम दुकानात आल्या होत्या आणि दादाकडे बघून म्हणाल्या, "शिका जरा." पिलं पोहायला लागल्यावर नरालाही काढलं. आषाढ लागेपर्यंत नर-माद्या ओळखू यायला लागल्या. माद्या सगळ्या काढल्या, कारण मादी असली की भांडणाला कारण मिळतं. नर मात्र एकालाही हलवलं नाही. अकरा निघाले. दादाने चार फुटांची टाकी करून दिली आणि मी पंचगंगेतली पाणवनस्पती आणून तिच्यात दाट रान लावलं.

पहिले पंधरा दिवस मी जेवायलाही धड घरी गेलो नाही. ते कल्ले फुगवायचे, पर ताणायचे, एकमेकांच्या अंगावर जायचे आणि वीतभर अंतरावरून वळायचे. एक तेवढा खरंच भांडखोर निघाला, त्याला काढून विकला. बाकीचे दहा अगदी नीट राहिले. अधूनमधून कुणाच्या शेपटीला बारीकशी चीर दिसायची, ती आठवड्यात भरून यायची. मी मुंबईला कार्ड टाकलं की, असला नाद मी केलेला आहे, येऊन बघावे. उत्तर आलं नाही. ते कार्ड त्यांना मिळालं असणार, याबद्दल मला शंका नाही.

दुकानापुढे गर्दी व्हायला लागली. दादा, जो मासे म्हटलं की कपाळाला आठ्या घालायचा, तो गिऱ्हाइकांना टाकीपुढे उभं करून सांगायला लागला, "बघा, आमच्या बापूनं केलंय. मुंबईत न्हाय असलं." जुन्या बरण्यांतले नर मी विकत गेलो, नवे बरणीत टाकले नाहीत. श्रावणात निम्मी फळी मोकळी झाली. दादाने तिच्यावर पहिली लक्ष्मीची तसबीर ठेवली आणि दोन पावलं मागे जाऊन बराच वेळ बघत उभा राहिला.

आता त्या गिऱ्हाइकाकडे येतो, ज्याच्यामुळे मला टाकीतली खोट कळली. गुळाच्या अडतीवर काम करणारा एक माणूस आधी येऊन "फायटरची एक जोड द्या" म्हणाला होता. मी त्याला नर-मादी दिली, दोन बरण्यांत. दुसऱ्या दिवशी मादी परत घेऊन आला. "ही कसली जोड? ही तर नवरा-बायको हाईत. मला जोड पायजे, जोड." कोल्हापुरात जोड म्हणजे कुस्तीची जोड, हे दोन वर्षं मुंबईत राहून मी विसरलो होतो. मी त्याला सांगितलं की, माशांची कुस्ती बघायची असेल तर दुसरं गाव बघा. इथे माणसांच्या कुस्त्या रग्गड होतात. तो चिडून गेला, पण टाकीची कीर्ती ऐकून श्रावणात पुन्हा आला आणि तिच्यातला एक तांबडा नर घेऊन गेला. आठ दिवसांनी तोही परत. "हा लढतच न्हाय. बदलून द्या." दिवसभर त्याला आरसा दाखवून दाखवून माशाचा जीव नकोसा करून टाकला होता. मला त्या माशाची दया आली. दुसरा मासा दिला नाही, पण तो तांबडा घेतला आणि त्याच्या भावांत, टाकीत सोडला.

जे झालं ते मी हात बुडवायच्या आत झालं. एका क्षणात तिघं त्याच्यावर गेले. मी त्याला जाळीत घेतला तेव्हा त्याचा निम्मा पर टाकीत तरंगत होता. आठ दिवस बाहेर राहिला तेवढ्यात तो परका झाला होता. एकत्र वाढलेले एकत्र राहतात, पण एकदा बाहेर गेलेल्याला पुन्हा घेत नाहीत. काढायचा आणि विकायचा, इथवर ठीक. परत टाकायचा नाही. हा नियम मला कुठल्या पुस्तकाने शिकवला नाही, त्या अडतीवरच्या माणसाने शिकवला. त्या दिवशी मी पाटी रंगवून टांगली : 'विकलेला मासा परत घेतला जाणार नाही.'

दादाला ती पाटी आवडली नाही. "बाच्या येळंपास्नं आपन तडकलेली काच परत घेतोय," तो म्हणाला. "ही कसली पाटी?"

"धंद्याला बरी असते," मी म्हटलं. एवढंच म्हटलं. खरं कारण सांगितलं नाही.

का सांगितलं नाही? कारण फळी. सगळं नीट जमलंय असं दादाला वाटत होतं आणि त्या भरवशावर मला दसरा ओलांडायचा होता. टाकीत अशी खोट आहे म्हटलं तर तो म्हणेल, मग हे काय खरं नव्हे, बंद कर. हे मी फक्त वस्तादांना सांगितलं. ते हसले. "आमच्यात बी परत आलेल्याला पयल्या दिवशी मार खावा लागतोय. पर आमी घेतो." आणि मग उठताना म्हणाले, "दादाला सांगून ठिव." मी व्हय म्हटलं आणि सांगितलं नाही.

आणखी दोन विकले गेले आणि टाकीत राहिले सात. अनंत चतुर्दशीला वहिनींचे भाऊ राधानगरीहून आले. भातशेती करणारे साधे गृहस्थ. मी त्या दिवशी रेल्वेने आलेली काचांची पेटी सोडवायला मिरजेला गेलो होतो. पाहुणे टाकीपुढे उभे राहिले आणि सातांतल्या एका गर्द निळ्या नराकडे बोट करून म्हणाले, "हे निळं लई देखणं हाय." झालं. आमच्याकडे पाहुण्याने एखाद्या वस्तूला चांगलं म्हटलं की ती त्याची होते. दादाने क्षणाचाही विचार केला नसणार. "न्या की, पावणं," म्हणाला आणि बरणीत घालून दिला.

मी आलो, टाकीत सहा पाहिले आणि डोक्यात राख घालून घेतली. तो निळा मी विकणार नव्हतो. त्याच्यापासून पुढची पैदास करायची होती. दादा म्हणाला, "सहा हाईत की. पावण्याला न्हाय कसं म्हनू?" मी त्यावर एक शब्द बोललो नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. बारा दिवस आम्ही एका टेबलावर बसून काम केलं आणि मी दादाशी बोललो नाही. हिरकणी हवी असली तर हात पुढे करायचो, तो ठेवायचा. गिऱ्हाइकाला काही सांगायचं असलं तर गिऱ्हाइकाकडे बघून बोलायचो. जेवताना वहिनींनी दोघांना एकेक वाढायचं आणि आम्ही दोघांनी दोन दिशांना बघायचं. दादाने दोनदा बोलायचा प्रयत्न केला. मी उठून टाकी पुसत बसलो.

तेराव्या दिवशी मी पुन्हा मिरजेला गेलो. दुपारी परतलो तर दादा दुकानाच्या दारात उभा. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं, डोक्यावर टॉवेल. तोंडावर असं हसू, की जे मी त्याच्या लग्नातही बघितलं नव्हतं. "बापू," तो म्हणाला, "आत जा. टाकी बघ."

मी आत गेलो आणि मोजले. सात होते.

तो आदल्या दिवशी, मी माळ्यावर काचा रचत होतो तेव्हा, एसटीने राधानगरीला गेला होता. मी अबोल्याच्या ताठ्यात तो कुठे गेला हेही विचारलं नव्हतं. पाऊस कोसळत होता. मेहुण्याच्या घरी रात्र काढून, सकाळी निघताना, दिलेला मासा त्याने परत मागितला होता. वहिनींनी मला नंतर सांगितलं, "दिल्यालं परत मागितलं न्हाई ह्येंनी जन्मात. माझ्या भावापुढं मान खाली घालून मागितलं, तुमच्यासाटी." बरणी मांडीत धरून, तिच्या तोंडावर तळहात ठेवून, एसटीच्या धक्क्यांत तो आला. आणि मी येण्याआधी, मला खूश करायचं म्हणून, त्याने तो निळा स्वतःच्या हाताने टाकीत सोडला.

मी मोजून होईतो निळा एका कोपऱ्यात कल्ले फुगवून उभा होता आणि एक हिरवा त्याच्याकडे निघाला होता. मी जाळी आण म्हणून ओरडलो. दादाला काही कळलं नाही. निळा बाहेर काढेपर्यंत त्याच्या अंगावर एक धड पर राहिला नव्हता. पण तेवढ्याने भागलं नाही. एकदा रक्ताची चव लागल्यावर बाकीचे सहाही एकमेकांवर उलटले. इतके दिवस वीतभरावरून वळणारे मासे, त्यांना वळणं आठवेना. जाळीने एकेकाला काढत गेलो. ज्या बरण्या मी धुऊन माळ्यावर टाकल्या होत्या, त्या दादाने एकेक करून खाली आणून दिल्या. दिवे लागायच्या सुमाराला सात बरण्या पुन्हा फळीवर होत्या, लक्ष्मीच्या तसबिरींच्या मध्ये. निळा दुसऱ्या दिवशी मेला. हिरवा त्याच्यामागून.

त्या संध्याकाळी दादाने मला विचारलं, "माझं काय चुकलं, बापू?"

"माहीत नव्हतं तर हात कशाला घातलास?" मी म्हटलं. बारा दिवसांनंतर त्याच्याशी बोललेलं हे माझं पहिलं वाक्य.

तो टाकीकडे बघत बसला. मग म्हणाला, "घरचंच हाय की ते. घरात सोडायला कुनाला इचारायचं?"

मी उठून बरण्यांच्या मध्ये पुठ्ठे सरकवले.

घट बसायला चार दिवस होते. फळीवर बरण्या होत्या. दादाने दिलेली मुदत संपत आली होती आणि मी मनाशी धरून चाललो होतो की धंदा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात आलो तर दादा आधीच येऊन काच कापत होता. चार फुटांची ती टाकी त्याने रिकामी करून उन्हात ठेवली होती. त्याने सारख्या मापाची तावदानं कापून, कडा दगडावर घासून, टाकीत उभी बसवली. एका टाकीचे आठ खण झाले. प्रत्येक दोन खणांच्या मध्ये पुठ्ठा सरकवायला खाच. सकाळी दहा मिनिटं पुठ्ठे काढायचे, सगळ्यांनी एकमेकांना बघून पर फुलवायचे, मग पुठ्ठे परत. बाहेरून बघणाऱ्याला काच दिसायची नाही. एका टाकीत सगळे नर पिसारे फुलवून उभे दिसायचे.

"फळी?" मी विचारलं.

"फळीचं काय," तो म्हणाला. "असल्या तीन टाक्यांत तुझं सगळं मावतंय. आनि न्हाय मावलं तर राहू दे. देव खाली बसत्यात की."

ती खणांची टाकी पुढे कोल्हापुरात घरोघरी गेली. राजारामपुरीत नवे दवाखाने झाले, तिथल्या बसायच्या खोल्यांत गेली. सांगली-बेळगावहून लोक येऊन मापं घेऊन गेले आणि आपली म्हणून विकू लागले. विकोत. ती दादाने केली, हे मी इथे छापून ठेवतो.

आणि दुसरी गोष्ट. त्यानंतर तीस वर्षं दादा प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ती हकिगत सांगायचा. "आमच्या बापूनं एका टाकीत सात फायटर ठिवलेलं. मी गाढवानं हात घातला आनि बिघडवलं." लोक हसायचे, तोही हसायचा. मी शेजारी उभा राहून मासा बांधून द्यायचो. तीस वर्षांत एकदाही मी म्हटलं नाही की, दादा, तुझं काही चुकलं नव्हतं. मला ठाऊक होतं, वस्तादांनी सांगून ठेव म्हटलं होतं, आणि मी आधी फळीसाठी सांगितलं नाही, मग अबोल्यापायी सांगितलं नाही. एक वाक्य पुरलं असतं. आता दादा नाही आणि पेठेत हकिगत तशीच चालू आहे, दादाने बिघडवली म्हणून.

फायटर एकत्र राहत नाहीत म्हणणाऱ्यांशी भांडायला मी आजही तयार आहे. राहतात, मी ठेवले होते. पण दादाने बिघडवलं असं यापुढे कुणी म्हणू नये. त्याने परत आलेल्याला घरात घेतलं. त्याला तेवढंच येत होतं. मी परत आलो तेव्हा मलाही त्याने तसंच घेतलं होतं, आणि जेवलास काय म्हणून विचारलं होतं.